शिरा उतरवण्याचा दर

मु. पो. कुरुंदा, ता. वसमत
मार्गशीर्ष, सन २००४

आमचे लाडके मेहुणे प्रभूराव यांस,

कुरुंद्याहून दाजी विश्वंभरचा रामराम. इकडं सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, खरं काय ते पुढं कळेलच. औरंगाबादचं पाणी तुम्हाला मानवलं का, चि. सौ. दीपमालाची दाढ काढली का, आणि कंपनीनं तुम्हाला कायम केलं का, हे सविस्तर कळवा. (मागच्या पत्रात तुम्ही 'सर्व ठीक' एवढंच लिहिलं होतं. एवढं तर आमचा गिरणीतला मुका हमालसुद्धा सांगतो.)

पत्रास कारण, तुमच्या बहिणीचे पाय.

सुरुवात तुमच्याच लग्नापासून झाली, म्हणजे एका अर्थी दोष तुमचा आहे. शिवकन्या करवली म्हणून कऱ्हा घेऊन स्टेजवर चढत होती, तेव्हा तिनं लुगडं बोटभर वर धरलं आणि वसमतच्या त्या शूटिंगवाल्यानं कॅमेरा तिच्या पोटरीवर नेला. तिथं निळ्या-जांभळ्या बारीक शिरांचं जाळं आहे, मधोमध तिळाएवढी गाठ. त्याला ते इतकं आवडलं की सीडीत त्यानं ती पोटरी बदामाच्या आकारात बसवली आणि सनईच्या तालावर मांडवभर फिरवली. तुमचा चेहरा त्या सीडीत जेवढा दिसत नाही तेवढी ती पोटरी दिसते. आमच्याकडं अर्धी गल्ली सीडी पाहायला जमली होती. माझी मोठी वहिनी म्हणाली की शिवकन्याच्या पायावर कोळी बसलाय बघा. सगळे हसले, मीही हसलो. त्या दिवसापासून तुमची बहीण ऐन वैशाखात पायमोजे घालून फिरायला लागली.

शेवटी नांदेडला कातडीच्या डॉक्टरकडं नेलं. (भारनियमनामुळं गिरणी निम्मा दिवस बंदच असते, त्यामुळं नवऱ्याला बायकोकडं लक्ष द्यायला सवड मिळते. वीज मंडळाचे तेवढे उपकार मानायला पाहिजेत.) डॉक्टर तरुण आणि सभ्य होता. त्यानं भिंगातून पाहिलं आणि सांगितलं की याला स्पायडर व्हेन म्हणतात, भीतीचं काही नाही. फार वेळ उभं राहून, बाळंतपणं होऊन, किंवा घराण्यातूनच हे येतं. मी दर विचारला. प्रभूराव, मी म्हैस घेतली आहे, गिरणीची मोटर घेतली आहे, दर नेहमी एका शब्दात कळलाय. इथं डॉक्टर म्हणाला की ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. बारीक सुईनं शिरेत औषध सोडायचं, एका खेपेला दीड ते अडीच हजार. खेपा दोन लागतील का चार, ते पाय ठरवणार. जाळं केवढं पसरलंय, शिरा केसासारख्या आहेत का सुतळीसारख्या, औषधाच्या बाटल्या किती लागतात, त्यावर पुन्हा कमी-जास्त. आत मोठी शीर गळत असेल तर आधी तिची सोनोग्राफी, ती वेगळी. नंतर महिनाभर घट्ट मोजे घालायचे, ते वेगळे आणि परदेशी. लेझर पाहिजे तर पुण्याला जा, तिथं डॉक्टरच्या हाताचा दर वेगळा आणि दवाखान्याच्या भाड्याचा वेगळा. शिवाय हे दिसण्यासाठी केलेलं काम, म्हणून विमा कंपनी यात एक पैसा देत नाही. आणि एवढं करून पुढं दुसरीकडं नवं जाळं येणार नाही याची हमी नाही. मी मनात म्हटलं, उद्या मी गिऱ्हाइकाला सांगितलं की दळून दिलंय खरं, पण याचे पुन्हा गहू होणार नाहीत याची हमी नाही, तर चालेल का.

एक गोष्ट मात्र तिथं घडली, ती मला तेव्हा कळली नाही. डॉक्टर समजावत होता की औषधानं शीर आतून चिकटते, बंद होते, आणि मग अंग तिला हळूहळू जिरवून टाकतं. शिवकन्यानं विचारलं, "मंग त्याच्यात जे हाय ते कुठं जातं?" डॉक्टर हसून म्हणाला, रक्त दुसऱ्या वाटेनं जातं. ती हसली नाही.

माझ्या हिशोबानं आकडा दहा-बारा हजारावर गेला. येताना एस.टी.त तिनं पायमोजे पुन्हा वर ओढून घेतले. आमच्या गिरणीत तांड्यावरची पेमा ज्वारी घेऊन येते, तिला हे कळलं तेव्हा ती म्हणाली की औंढ्याच्या अलीकडं माळावर जिवनबाई राहते, ती शिरा उतरवते. मी नुसता दर विचारायला म्हणून गेलो आणि शिवकन्याला बरोबर नेलं.

जिवनबाई फार म्हातारी आहे. ती लिंबाखाली बकऱ्यांत बसली होती. आम्ही आलो तरी तिनं तोंड वर केलं नाही, पायांकडंच पाहिलं. मी दर विचारला तर तीही म्हणाली, ते बऱ्याच गोष्टींवर हाय. मला वाटलं या दोघांनी मिळून दवाखाना काढलाय. पण हिचं गणित निराळं होतं. जाळं जिरत नाही, असं तिचं म्हणणं. एका पायातून काढलं की दुसऱ्या कुणाच्या तरी पायात ठेवावं लागतं. घेणारा राजीखुशीनं तयार असला तर एक नारळ आणि पसाभर पीठ. घेणाऱ्याला न सांगता द्यायचं असलं तर काळी बकरी. आणि वैऱ्याच्या पायात सोडायचं असलं तर ती कोणत्याच दामाला करत नाही, कारण शिरेतलं जे असतं ते वैऱ्याच्या घरी नांदत नाही आणि माघारी येतं.

मी विचार केला. माझ्या पायाकडं कोण बघतंय. वीस वर्षं ते पिठात आहेत, त्यांचा मूळ रंग मलाही आठवत नाही. यातून काही व्हायचं नाही, बायकोची समजूत पटेल आणि बारा हजार वाचतील. मी म्हटलं, ठेवा माझ्या पायात. शिवकन्यानं माझ्याकडं असं पाहिलं की लग्नानंतर तसं कधी पाहिलं नसेल. तिला ते प्रेम वाटलं. मीही तसंच वाटू दिलं.

जिवनबाईनं आम्हा दोघांना पाण्याच्या परातीत उभं केलं. (या वयात नवरा-बायकोनं एका परातीत उभं राहणं म्हणजे काय कसरत असते ते दीपमालाला घेऊन एकदा करून बघा.) कच्चं सूत शिवकन्याच्या पोटरीला गुंडाळलं, तेच पुढं माझ्या पोटरीला. मग पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडं बघून विचारलं, "घेतोस का लेका? मोजून घे, मंग तक्रार नको." मी हो म्हटलं. तोवर बकऱ्या ओरडत होत्या. मी हो म्हटलं आणि सगळ्या एकदम गप्प झाल्या. भर दुपारी, उघड्या माळावर, एकूण एक बकरी मान वळवून आमच्याकडं बघत होती. लांडगा-कुत्रं काही आलंय का म्हणून मी मागं पाहिलं, तर मागं नुसतं ऊन होतं. जिवनबाईनं सूत सोडून चुलीत टाकलं. कोरडं सूत, पण ते पेटलं नाही. ओल्या लाकडासारखं बराच वेळ फसफसत राहिलं.

पुढच्या आठवड्यात शिवकन्याची पोटरी धुतल्यासारखी स्वच्छ झाली. मी उन्हात बसून माझे पाय घासून काढले. उजव्या पोटरीवर तेच जाळं होतं. तेच फाटे, मधोमध तीच तिळाएवढी गाठ. मी गुपचूप नांदेड गाठलं. डॉक्टर म्हणाला की वीस वर्षं गिरणीत उभे राहता, तुम्हाला हे व्हायचंच, पिठामुळं आधी दिसलं नसेल. मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं बसस्टँडपर्यंत टिकलं.

त्यानंतर काही बारीकसारीक गोष्टी व्हायला लागल्या. पट्टा फिरत असताना मधेच मी घराकडं धावत सुटतो, चुलीवरचं दूध उतू गेलं म्हणून. मी कधी जन्मात दूध तापवलेलं नाही. चार माणसं जेवायला बसलेली दिसली की माझे पाय आपोआप भिंतीला टेकून उभे राहतात आणि कुणाला काय वाढायचं राहिलं ते डोळे बघत बसतात. सगळ्यांचं झाल्याशिवाय मला भूकच लागत नाही. वहिनी म्हणते भावजी फार सुधारले.

मग मी जात्याच्या दगडासाठी हट्ट्याला गेलो. मला हट्टा माहीत आहे तो जावयाला असतो तेवढा, फाट्यावर उतरायचं आणि सरळ तुमच्या ओट्यावर जाऊन बसायचं. तुमचं घर आता बंद असलं तरी ओट्यावर टेकावं म्हणून निघालो, तर पाय मारुतीच्या मागून एका बोळात वळले. तो बोळ मी कधी पाहिलेला नाही. माझी पावलं लहान पडत होती, पोरीसोरींची पडतात तशी. पुढं दगडमातीचा एक ढीग आला आणि मी थांबलो. पाय उचलेनात. माझ्यापुढं कुणी नव्हतं, प्रभूराव, तरी मला पक्कं कळत होतं की माझा नंबर यायचा आहे. मी एक पाऊल पुढं सरलो, थांबलो, पुन्हा एक पाऊल सरलो. दुपारचं ऊन डोक्यावर घेऊन मोकळ्या जागेत एक पन्नाशीचा माणूस असा सरकत होता. ढिगाशी पोचलो तेव्हा माझा पाय खाली उतरायची पायरी चाचपत होता.

तुमच्या शेजारच्या पार्वतीबाईंनी भिंतीवरून पाहिलं. त्या म्हणाल्या, "जावई, तिथं काहून उभे राहिले? ती हीर तुमच्या लग्नाआधीच बुजवली." गावातल्या पोरी तिथं पाण्यासाठी सकाळपासून उभ्या असायच्या, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, शिवकन्या पण का? "तीच तर. समद्यात लहान, म्हणून समद्यात मागं."

मी उभं राहून कमावतो याचा मला फार तोरा होता. त्या ढिगाशेजारी तो उतरला.

घरी येऊन मी तिला हे सांगितलं. ती खुर्चीत बसून पिठाच्या डब्यावर पाय ठेवून चहा पीत होती. तिनं विचारलं, कोणती विहीर? मी सगळं सांगितलं. दुसऱ्याच्या गावची गोष्ट ऐकावी तशी ती ऐकत राहिली आणि म्हणाली की हट्ट्याला विहीर होती होय. दुःख नाही, काही नाही. त्यानंतर मी तिला सहज विचारून पाहिलं. मारुतीमागचा बोळ तिला आठवत नाही. तुमच्या वडलांच्या पटक्याचा रंग आठवत नाही. पण हसते छान, चालते हलकी. गिरणीत पीठ सांडलेलं असतं, त्यात माझे पाय पूर्वीपेक्षा खोल उमटतात. तिचे उमटतात ते पाखराच्या पायासारखे, असून नसल्यासारखे.

माझा धीर सुटला. तिला घेऊन पुन्हा जिवनबाईकडं गेलो. म्हातारी म्हणाली की माघारी देता येतं, त्याला काहीच दाम नाही, फक्त जिचं आहे तिनं आपल्या तोंडानं मागितलं पाहिजे. पुन्हा परात, पुन्हा आम्ही दोघं, पुन्हा बकऱ्या गप्प. शिवकन्यानं वाकून माझ्या पोटरीवरच्या जाळ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "न्हाई. त्यात काय होतं ते मला ठावं न्हाई. पर मला लई हलकं वाटून राहिलं. राहू द्या त्यांच्यापाशी."

मोजून घे, असं म्हातारीनं आधीच बजावलं होतं. एका नारळात घेतलेलं होतं.

तर प्रभूराव, विनंती एवढीच की औरंगाबादेत एखाद्या मोठ्या दवाखान्यात जाऊन गड्यामाणसाच्या पोटरीचा दर विचारावा. पाय एक, जाळं हातभर, शिरा आता सुतळीएवढ्या झाल्यात. लेझरचाही विचारा. पाय रात्रंदिवस ठणकतो. दीपमालास आशीर्वाद. थोरामोठ्यांस नमस्कार, लेकरांस गोड पापा.

तुमचा,
विश्वंभर

ता. क. – दर विचारू नका. सुईनं शीर आतून बंद होते आणि अंग ती जिरवतं, असं डॉक्टर म्हणाला होता. ही माझ्यात जिरली तर मग कुठंच राहणार नाही. फुकट करून देतो म्हणाले तरी नको.

ता. क. २ – आता आठवलं म्हणून लिहितो. आठवडा झाला, माझी डावी कंबर भरून येते. कडेवर वर्षभराचं लेकरू असावं तेवढं वजन. ते माझा कान धरतं, आणि रांग पुढं सरली नाही की खांद्याला चावतं. गुळाचा खडा दिला की गप्प बसतं. हे मला कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही लहानपणी चावत होता का, ते खरं-खरं कळवा.

ता. क. ३ – पाकीट चिकटवण्याआधी शिवकन्याला म्हटलं, चार ओळी तूही लिही. ती हात पुसत आली, हसत बसली, पेन घेतलं आणि विचारलं, कुणाला. मी म्हटलं, प्रभूला. ती म्हणाली, "कोण प्रभू?"

पत्राचं उत्तर लिहू नका, स्वतः या. आल्यावर आधी तिला तुमचं नाव सांगा. तिला ओळख पटली नाही तर गिरणीत येऊन मला हाक मारा. मी तुम्हाला ओळखतो, तुम्हाला चालता येत नव्हतं तेव्हापासून.