शेगडीला सोमवारी गुण येतो

३ मार्च, रविवार. सकाळी
आजपासून शेगडी मी पाहणार. ठरलं.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मन विरघळायला नको. चार बर्नरची शेगडी, खाली ओव्हन, वय अकरा वर्षं. मागच्या आठवड्यात मी चारही बर्नर काढून धुतले आणि परत बसवले. तेव्हापासून डावीकडचा मागचा फुरफुरतो. बायकोने काल मेकॅनिकला बोलावलं. भर उन्हात त्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी. त्याने बर्नर उजेडाकडे धरला, डॉक्टर एक्स-रे धरतात तसा. उलटा केला, सुलटा केला, आणि मला नाही, बायकोला विचारलं, "वहिनी, हे कुणी केलं?"

मी म्हणालो, ते आधीपासूनच तसं होतं. तो म्हणाला, असू दे काका.

तिला वहिनी आणि मला काका. हे नातं त्याने कसं लावलं? माणूस माझ्याहून दोन वर्षांनी मोठाच असेल.

आज देवापुढे बसून शब्द दिला. तो मेकॅनिक पुन्हा या घराचा उंबरठा ओलांडणार नाही. गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, जे हाताने उघडतं ते हाताने मिटतं. ते छत्रीबद्दल म्हणाले होते, पण तत्त्व तेच.

बायकोला निर्णय सांगितला. "बरं," म्हणाली. लगेच म्हणाली. चोवीस वर्षांच्या संसाराचा विश्वास.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
जेट म्हणजे गॅस ज्यातून येतो ते पितळी बोंड. त्याचं भोक फारच बारीक. गॅसने श्वास तरी कसा घ्यावा? शिवणाची सुई घालून चांगलं मोकळं केलं. आता ज्योत उंच आणि पिवळी, समईसारखी शांत. बघत राहावी.

बायको म्हणाली, दुधाच्या पातेल्याचं बूड कोळशासारखं झालंय. काळा रंग उष्णता धरतो, हे तिला समजावून सांगितलं. ती पातेलं घासत होती, त्यामुळे नीट ऐकू गेलं नसावं.

४ मार्च, सोमवार
संध्याकाळी घरी आलो. ज्योत निळी. चारही. मी दिवसभर ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये, शेगडीला कुणाचा हात नाही. म्हणजे कालचं काम रात्रभर आत मुरलं. औषध कुठे गिळल्या गिळल्या लागू पडतं? धातूलाही विश्रांती हवी.

बेसिनमध्ये चहाचे दोन कप होते. बायकोने आनंदाने दोनदा चहा घेतला असेल. देवाचे आभार मानले.

१० मार्च, रविवार
नॉब घट्ट फिरत होते. सायकलचं तेल दिलं. आता इतके हलके, की फुंकर मारली तरी फिरतील. दुपारी एक नॉब फुंकर न मारताच फिरला. बायकोने मेन कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या आणि रात्रीच्या जेवणाला ब्रेड दिला. मी म्हणालो, उद्या संध्याकाळपर्यंत धीर धर. ती म्हणाली, धीरच तर खातेय.

११ मार्च, सोमवार
सहा वाजता नॉब पूर्ववत. तेलाचा वासही नाही. लिहून ठेवतो: रविवारी हात, सोमवारी गुण. दोनदा झालं, म्हणजे नियमच.

१२ मार्च, मंगळवार
मागच्या दाराच्या खिळ्यावर लोकरीची टोपी दिसली. ही कुठली, विचारलं. बायकोने तव्यावरची पोळी उलटली. मग म्हणाली, गरम भांडी उतरवायला आणली. बाजारात हल्ली काय काय मिळतं. मी लगेच त्या टोपीने पातेलं उतरवून पाहिलं. चिमट्यालाही जमणार नाही अशी पकड.

१८ मार्च, सोमवार
कालचं काम: लायटरची ठिणगी. आजचा निकाल: उत्तम. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सगळा नियम समजावून सांगितला. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. विद्या पाहून माणूस असाच गप्प होतो.

२१ मार्च, गुरुवार
ताई आली होती. माझी थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते. भाऊजी गेल्यापासून बिस्किटं करून विकते, सगळा संसार त्या ओव्हनवर. ओव्हन हल्ली एकाच बाजूने तापतो, अर्धी बिस्किटं करपतात, अर्धी कच्ची. आणि मंगळवारी सकाळी आठला दुकानदाराचा माणूस सहाशे बिस्किटं न्यायला येणार. पहिली मोठी ऑर्डर. वेळेत मिळाली तर दर महिन्याला, नाहीतर पुन्हा तोंड दाखवू नका, असं दुकानदाराने सांगितलंय.

मी म्हणालो, रविवारी येतो.

स्वयंपाकघरात बायकोच्या हातातून डाव पडला. ताई गेल्यावर म्हणाली, ताईंच्या शेगडीला हात लावू नका. घरचं घरात ठीक आहे. एवढं स्पष्ट ती कधी बोलत नाही. माझी कला घराबाहेर जाऊ नये असं तिला वाटतं. समजू शकतो. पण बहीण ती बहीण.

२४ मार्च, रविवार. दुपारी
ताईकडे ओव्हन पूर्ण उघडला. आत माणसाने पसारा किती करून ठेवावा! ज्योतीजवळ तांब्याची एक काडी, तिला लांब तार, आणि काम म्हणून काही दिसत नाही. अडगळ. काढून खिशात ठेवली.

आता बाजू-बिजू काही नाही, ओव्हन एकसारखा झालाय. नॉब दाबून धरला की पेटतो, सोडला की विझतो. ताई म्हणाली, अरे, आधी निदान अर्धा तरी चालत होता. तिला नियम सांगितला. उद्या संध्याकाळी सहा. तोवर कुणी हात लावायचा नाही.

"नक्की ना रे? मी पीठ मळायला घेते मग."

नक्की म्हणालो.

"तू म्हणतोस तर," ती म्हणाली. लहानपणी विहिरीत पोहायला शिकवताना मी तिचा हात असाच धरायचो. की ती माझा? तीच धरायची.

रात्री तांब्याची काडी देवापुढे ठेवली. झोप बरी लागली. म्हणजे पहाटे लागली.

२५ मार्च, सोमवार. दुपारी ३, ऑफिसात
बायकोचा फोन. ऑफिसात ती कधी फोन करत नाही. ताईकडे जाऊन येऊ का, म्हणून विचारलं. मी म्हणालो, सहापर्यंत थांब, धातू विश्रांती घेतोय. मग म्हणाली:

"अहो, आपल्याकडे दर सोमवारी दुपारी तो मेकॅनिक येतो. मागच्या दाराने. तुमचा शब्द मोडला नाही मी, मागच्या दाराला उंबरठा नाही. आत्ता त्याला ताईंकडे पाठवलंय. रागवायचं ते घरी आल्यावर रागवा."

फोन ठेवला. तीन फायली चुकीच्या कपाटात लावल्या. काढून परत लावल्या, त्याही चुकल्या.

पण नियम म्हणून पाहिलं तर तो खोटा ठरत नाही. रविवारी हात, सोमवारी गुण. गुण कुणाच्या हाताने येतो, हे मी कुठेच लिहिलेलं नाही. मागची पानं तपासली. खरंच नाही.

त्याच दिवशी, रात्री १०
अर्धी रजा टाकून ताईकडे गेलो होतो. मी चुकलो नाही, हे त्या मेकॅनिकला तोंडावर सांगायला.

तो ओव्हनपुढे आडवा, डोकं अर्धं आत. टोपी नाही, टक्कल. ताई ओट्याला टेकून उभी, कोपरापर्यंत पिठाचे हात. सहाशे बिस्किटांचं पीठ ओल्या फडक्याखाली. तो आतूनच म्हणाला, ज्योत धरून ठेवणारी तांब्याची काडी जागेवर नाही, नवी आणायची तर उद्या दुपार उजाडेल. ताईने माझ्याकडे पाहिलं. बोलली काहीच नाही. बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

काडी माझ्या खिशात होती. सकाळी देवापुढून उचलली होती, शुभ म्हणून.

काढून दिली. त्याने हात मागे केला, घेतली, बसवली. वीस मिनिटं. निळी ज्योत, नॉब सोडल्यावरही. ताईने पहिला ट्रे आत सरकवला. नंतरचे ट्रे मी दिले घेतले. ते काम मला नीट जमतं, असं ताई म्हणाली.

जाताना तो म्हणाला, काका, माझी टोपी तुमच्याकडे राहिलीय.

२६ मार्च, मंगळवार. सकाळी ९
बिस्किटं आठला गेली. ताईने मोडकी पाठवली आहेत, मोठा डबाभर.

आत्ता बेल वाजली. पुढच्या दाराची. मेकॅनिक. उंबरठ्याच्या बाहेर उभा, चपलांची टोकंसुद्धा बाहेर. बायकोने सगळं सांगितलेलं दिसतंय. तिने टोपी आणून दिली. दोन आठवडे मी त्या टोपीने तवे, पातेली, एकदा ओव्हनचा ट्रेही उतरवला होता. दोन ठिकाणी जळून आरपार भोकं, मध्ये दुधाचा डाग.

त्याने ती उजेडाकडे धरली. उलटी केली, सुलटी केली. भोकातून मला त्याचा डोळा दिसला. मग बायकोला विचारलं, "वहिनी, हे कुणी केलं?"

बायको माझ्याकडे बघेना.

"मी," मी म्हणालो. आणि सांगितलं, आत या, बसा, चहा घ्या. टोपी मात्र आज घालू नका, घडी घालून ठेवा, उद्या संध्याकाळपर्यंत लोकर भरून येईल.

तो म्हणाला, असू दे काका.