कापसाच्या गंजीवरची बर्फगाडी

दिग्रस,
शनिवार, ३ एप्रिल २००४

फुलसिंगभाऊ यांस देवसिंगचा जय सेवालाल.

तुमच्या घरचा दिवाण (सागवान, साडेसहा बाय चार), वहिनींची धान्याची पेटी, मोरीचं दार आणि चार घडीच्या खुर्च्या (पाचवी तुम्ही नेरच्या बसस्टँडवर विसरलात) या माझ्या हातच्या वस्तू खुशाल आहेत असं धरून चालतो. तुमचा गुडघा कसा आहे? दिवाण सव्वा इंच उंच करू या म्हणालो होतो, तेव्हा तुम्ही ऐकलं नाही. असो.

इकडे मिशनच्या बंगल्यातलंही सगळं माझ्याच हातचं. मलमपट्टीचं टेबल, औषधांचं अठ्ठेचाळीस खणांचं कपाट, पाळणा, आणि एक बर्फगाडी (बिनचाकाची, बर्फावरून घसरायची). उस्ताद केला नाही, शाळा पाहिली ती सातवीपर्यंत. जे आलं ते बघून आलं. हे सांगायचं कारण, आमचे नॉर्वेचे साहेब आणि मॅडम तेरा वर्षांनी पुढच्या महिन्यात कायमचे मायदेशी चालले. आणि साहेबांनी मला विचारलं आहे, की देवसिंग, तूही चल, तिकडे माझ्या भावाचा लाकडाचा कारखाना आहे. उत्तर आज संध्याकाळी द्यायचं आहे. मन लागत नाही म्हणून तुम्हाला लिहायला बसलो.

मॅडम दवाखाना पाहतात. मराठी त्या पुस्तकातून नाही, रोग्यांकडून शिकल्या. त्यामुळे तहसीलदार साहेब झेंडावंदनाचं आमंत्रण घेऊन आले, तेव्हा त्यांनाही म्हणाल्या, "काहून बे, कुठं दुखून राह्यलं?" तहसीलदारांनी मुकाट्याने जीभ काढून दाखवली. साहेब गावोगावचे हातपंप दुरुस्त करतात आणि बिनसाखरेचा चहा पितात (यावरून बोरी अरबला एका घरी रुसवा झाला होता, तो मी मिटवला). मे महिन्यात तीन आठवडे सुट्टी, चिखलदऱ्याला. सामानाचे बावीस नग जीपवर मीच बांधायचो. पोचल्या पोचल्या दोघं स्वेटर घालून व्हरांड्यात बसत, घाम निथळत असला तरी. एकदा मी विचारलं, "साहेब, उकडत नाही का?" म्हणाले, "उकडते. पण सुट्टी आहे." आणि दोघं दरीकडे असे बघत बसले, की तिसऱ्या माणसाने तिथून उठावं. मी उठलो.

आता बर्फगाडीचं. अठ्ठ्याण्णव सालचा नाताळ जवळ आला होता. मॅडम लिंबाच्या फांदीवर दवाखान्यातला कापूस चिकटवत होत्या आणि डोळे पुसत होत्या. घरून कार्ड आलं होतं. त्यावर लाकडी घर, बर्फ, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली एक छोटी गाडी, माझ्या नखाएवढी. मी काही विचारलं नाही (मी माप विचारत नसतो). नऊ दिवसांत गाडी उभी केली. सागवान, खाली दोन सुतांची लोखंडी पट्टी, एक टोक वर वळवलेलं, म्हणजे पाठीला टेका. दुसऱ्या टोकाला दोरीचा हूक.

गाडी झाली, बर्फ कुठून आणता? पण त्या साली कापसाला कुणी विचारत नव्हतं, जिनिंगच्या आवारात तिमजली गंजी नुसती पडून होती. तिथला मुनीम लखीराम; त्याचं गळू मॅडमनी कापलेलं. त्याने मालक जेवायला गेल्यावर एक तास दिला. चौघांनी गाडी वर चढवली, साहेब-मॅडम बसले, अर्धं दिग्रस भिंतीवर. बंगल्यात भांडी घासणारी भुरीबाई खालून ओरडली, "अवो, मॅडमच पडल्या त मलम कोन लावन?" मी ढकललं. दहा फूट झकास गेली, मग पुढचं टोक कापसात घुसलं आणि दोघं गडप! वर फक्त साहेबांची टोपी. बाहेर आले ते भुवयांपर्यंत पांढरे. मॅडम इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की लखीरामसुद्धा मालकाची वेळ विसरला. मी साहेबांना समजावलं, "माल ओला हाय साहेब, ग्रेडच हलकी." साहेब म्हणाले, "हो, कापसाची चूक."

पुढे दरवर्षी हेच. मी पट्टीला मेण लावलं, बैठक मागे सरकवली, लखीरामला सुका माल वर टाकायला लावला. सहा नाताळ ते सहा वेळा बुडाले, आणि सहाही वेळा हसत निघाले.

परवा सामान बांधताना त्यांचा अल्बम हाती आला. साहेब लहानपणी खऱ्या बर्फात, तशाच गाडीवर. वळवलेलं टोक पुढे. मी फोटो उलटा धरून पाहिला, तरी ते पुढेच. टेका नव्हताच तो. बर्फात घुसू नये म्हणून वळवलेलं नाक होतं.

"साहेब, हे पुढं असते?"

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "देवसिंग, आम्हाले मागंच आवडते."

"सहा वर्षं सांगितलं काहून नाही?"

"तू हूक किती मस्त लावला होता बे!"

मी अल्बम कागदात गुंडाळला, दोरी बांधली, तरी गाठ दोनदा सुटली. माझ्या हातून गाठ सुटत नसते, हे तुम्हाला ठाऊक आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
देवसिंग

ता. क. : संध्याकाळी जाऊन नाही म्हणून आलो. साहेबांच्या गावात चार वर्षांच्या पोरालाही कुठलं टोक पुढे ते कळतं. माझी चूक बघून गप्प बसणारी माणसं तिकडे दोनच असणार. अख्खं गाव कसं गप्प बसेल? साहेबांनी हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. मॅडम "काहून बे" एवढंच म्हणाल्या.

ता. क. दुसरा : खरं काम आता लिहितो. मला विचारलं होतं, हे तुमच्या बहिणीला माहीतच नाही. मी नाही म्हणालो तेव्हा भुरीबाई दारात उभी होती, म्हणजे आठवडी बाजारापर्यंत सुखीला कळणारच. तरी पत्र मिळताच पहिल्या बसने या आणि तुमच्या तोंडून सांगा. थोरल्या भावावर ती लाटणं उगारणार नाही. आधी थंडीचं सांगा, मग तिथे ज्वारी मिळत नाही ते सांगा, मग राहायला घर फुकट होतं ते. तिला पाणी पाजा. पगार अगदी शेवटी सांगा : महिन्याला, आपल्या पैशात, अठ्ठ्याऐंशी हजार चारशे रुपये.