वरच्या खोलीतला प्रिंटर

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. (रुसून गेलेल्या बहिणीला आशीर्वाद द्यावेत की नाहीत यावर सकाळपासून विचार केला. आशीर्वाद देणाऱ्याच्या हक्काचा असतो, घेणाऱ्याला विचारायचं नसतं, असं ठरवून दिले आहेत.) तुझी पाठ कशी आहे? शेक घेतेस की कंटाळा करतेस? मैत्रिणीकडे तुला टेकून बसायला धड खुर्ची तरी आहे का? तिलाही माझा नमस्कार सांग, जरी तिने मला न विचारता तुला ठेवून घेतलं असलं तरी. मी इकडे मजेत आहे. गुडघे सोडले तर सगळं जागच्या जागी आहे. पत्र हाताने लिहिलं आहे, त्याचं कारण शेवटी सांगते, तोवर अक्षर लावून वाच.

तर झालं असं की पेन्शनच्या ऑफिसातून हयातीच्या दाखल्याचा फॉर्म ईमेलने आला. तो छापायचा, भरायचा, त्याच घरात राहणाऱ्या एका माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यायची आणि टपालात टाकायचा. म्हणजे मी जिवंत आहे असं मी एकटीने म्हणून भागत नाही, ते आणखी कुणाला तरी पटलेलं असावं लागतं. मी खाली माझ्या कॉम्प्युटरवर छापण्याचं बटण दाबलं आणि नेहमीसारखी वर तुझ्या खोलीतल्या प्रिंटरची घरघर ऐकायला कान लावून बसले. घरघर काही आली नाही. पडद्यावर मात्र एक चौकट उगवली, की परवानगी नाकारली आहे, प्रशासकाशी संपर्क साधा. भिंगरे, बत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली मी. माझी लाल शाई लागल्याशिवाय तिथे साधी पावतीसुद्धा छापायला जात नव्हती. आणि माझ्याच घरात मला एक पान छापायची मुभा नाही.

आता प्रशासक कोण हे सांगायला ज्योतिषी नको. दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेस तू, प्रिंटर आपल्या टेबलावर ठेवून घेतलास तू, आणि कुणी छापायचं, कुणी नाही याची यादीही तुझ्याच कॉम्प्युटरात. मी तिथल्या तिथे निकाल लावला: जाता जाता हिने माझं नाव कापलं. मग काय, मी ते मामेबहिणीला सांगितलं, दूधवालीला सांगितलं, दातांच्या डॉक्टरांनाही सांगितलं (तोंड उघडं ठेवून जेवढं सांगता येतं तेवढं). सगळे हळहळले. हळहळ ऐकायला बरी वाटते, पण तिच्यावर फॉर्म छापून मिळत नाही.

भांडण कशावरून झालं ते तुला ठाऊक आहेच, तरी माझ्या तोंडून एकदा ऐक, कारण इतरांना मी ते जरा वेगळं सांगितलं आहे. मी मामेबहिणीला पत्र लिहिलं होतं. त्यात तुझ्यावर दोन पानं होती. तुझी चाकांची खुर्ची दिवसभर माझ्या डोक्यावरून फिरते, तू शीळ घालत औषधांच्या सूचनांची भाषांतरं करतेस (खोकल्याच्या औषधाला कसली आली आहे शीळ), चहाचे कप वर जातात ते खाली येत नाहीत, आणि या घरात मला महिनाभर तरी एकटीला राहायला मिळालं तर देव पावला म्हणेन. लिहून झालं, मन हलकं झालं, आणि मी ते छापलं. तुझ्या खोलीत. चोराने ऐवज नेऊन चौकीत ठेवायला द्यावा, तशातली गत. तू पहिलं पान वाचत होतीस तेव्हा दुसरं बाहेर येत होतं आणि मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर धापा टाकत होते. तू खाली आलीस, दोन्ही पानं माझ्यापुढे ठेवलीस आणि म्हणालीस, “दुसरं पान फिकट आलंय, अक्का. शाई बदलायला झालीय.” बस, एवढंच. आदळआपट केली असतीस तर मीही केली असती आणि संध्याकाळचा चहा आपण एकत्र प्यायलो असतो. चौथ्या दिवशी तू बॅग भरलीस. मी एक महिना मागितला होता, तू तीन दिलेस.

परवानगी परत मिळवायला मी काय नाही केलं? सगळ्या वायरी काढून परत खोचल्या. मदत क्रमांकावर फोन केला. तिथल्या बाईंनी वीस मिनिटं बासरी ऐकवली आणि मग विचारलं, की तुमचे प्रशासक घरात आहेत का. म्हटलं, नाहीत. कधी येतील? म्हटलं, तेच मलाही कळत नाही. तर म्हणाल्या, मग तुम्हीच प्रशासक व्हा. म्हटलं, बाई, जन्मभर तेच करत आले, म्हणून तर ती गेली. त्यांनी फोन ठेवला. शिवाय कॉम्प्युटरच्या पोटात एक अडचणी सोडवणारा बसलेला असतो. तो थोडा वेळ चकरा मारतो आणि विचारतो, अडचण सुटली का? मी नाही म्हणते. तो पुन्हा चकरा मारतो आणि पुन्हा अदबीने तेच विचारतो. त्याच्याने काडीचंही काम झालं नाही. पण खरं सांगू का, त्या आठवड्यात माझी विचारपूस करणारा तेवढा एकच होता, म्हणून रोज सकाळी मी त्याला कामाला लावत असे.

शेवटी शेजारचे टेलिफोनवाले आले. (निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी खिशात पक्कड घेऊनच हिंडतात.) त्यांनी खालचं सगळं पाहिलं आणि म्हणाले, दुखणं वर आहे, चला. म्हटलं, तुम्हीच जाऊन या, माझे गुडघे. ते म्हणाले, काल तर तुम्ही गच्चीवर कपडे वाळत घालत होतात. शेजाऱ्यांपासून माणसाने काय लपवावं? खरी गोष्ट अशी की तीन महिने मी तुझ्या बंद दारावरून गच्चीवर जात होते. आत काहीतरी गुणगुणतंय असं वाटायचं. मी तो भास समजायचे आणि पाय उचलायचे.

भास नव्हता. तुझा कॉम्प्युटर चालू होता. प्रिंटरवर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी होती: “अक्का, माझा कॉम्प्युटर बंद करू नकोस, नाहीतर तुला खालून छापता येणार नाही. नवी शाई घातली आहे.” टेबलावर एक कप होता, तळाशी चहा वाळलेला. टेलिफोनवाल्यांनी ती यादी उघडली. सगळ्यात वर माझं नाव, आणि त्यापुढे तीन खुणा. छापण्याची, दुसऱ्याची पानं थांबवण्याची आणि अख्ख्या प्रिंटरचा कारभार बघण्याची. खाली तुझं नाव, त्यापुढे एकच खूण, छापण्याची. ते म्हणाले, असं कुणी करत नाही, ज्याचा प्रिंटर तो सगळे हक्क आपल्याकडेच ठेवतो. मी तुझ्या खुर्चीवर बसले, तर ती चाकांवरून मागे गेली आणि भिंतीला टेकली.

मग अडलं कुठे? त्यांनी विचारलं, मधे पासवर्ड बदलला होता का? बदलला होता. तू ते पत्र वाचलंस त्याच संध्याकाळी, यापुढे माझ्या कॉम्प्युटरात कुणी डोकावू नये म्हणून. (नवा पासवर्ड होता ‘एकटीबरी’. कॉम्प्युटर तेव्हाच म्हणाला होता, की हा कमकुवत आहे. मी ऐकलं नाही.) वरचा कॉम्प्युटर मला तू शिकवलेल्या जुन्या पासवर्डाने ओळखतो. मी नवा घेऊन खालून दार वाजवत होते आणि तो बिचारा म्हणत होता, की या बाईंना मी ओळखत नाही. टेलिफोनवाल्यांनी पक्कड खिशात ठेवली. “बाई, तुमचं नाव कुणीही कापलेलं नाही. तुम्हीच ओळख बदलून बसलात.”

मी जुना पासवर्ड परत घातला. आपल्या बोक्याचं नाव आणि तो घरात आला ते साल. फॉर्म छापला गेला, दोन्ही पानं ठळक.

भिंगरे, माझं चुकलं. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जन्म गेला, स्वतःची मात्र दिसायला शेजारी बोलवावा लागला. तुझ्यावर आळ घेतला, तो सगळ्यांकडे जाऊन परत घेतला आहे (डॉक्टरांकडे काही दुखत नसताना गेले). आणि ते पत्र. मला एकटीला राहायचं नव्हतं गं, मला नुसती कुरकुर करायची होती. वर कुणी नसेल तर कुरकुर तरी कशावर करायची? हे पत्र छापूनही पाठवता आलं असतं. पण छापलं असतं तर ते आधी तुझ्याच खोलीत गेलं असतं, आणि तिथे वाचायला तू नाहीस.

पाठीला जप.

तुझी,
अक्का

ता. क. फॉर्मवर साक्षीदाराची जागा रिकामी आहे. त्याच घरात राहणारी व्यक्ती, असं स्पष्ट लिहिलं आहे, म्हणजे तुला यावंच लागेल. माझ्यासाठी म्हणून नव्हे, सरकारी काम आहे.

ता. क. २. वरचं खरं नाही. शेजाऱ्याची सही चालते असं मागच्या बाजूला बारीक अक्षरात आहे. टेलिफोनवाल्यांनी केली, फॉर्म सोमवारी टपालात पडला. मी आता वर्षभर रीतसर जिवंत आहे. तू सरकारसाठी येण्याची काही गरज नाही.

ता. क. ३. तो कप धुऊन पुन्हा तुझ्या टेबलावरच ठेवला आहे. आणि एक सांगायचं राहिलं. तू कामाला बसायचीस त्या वेळेला मी रोज खालून एक चाचणी पान छापते. वर घरघर सुरू होते, आणि मिनिटभर वाटतं, तू बसली आहेस. मग मी वर जाऊन ते पान घेऊन येते. कागद संपत आला आहे. येताना एक गठ्ठा आण.