परवा डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

अण्णा,

परवा मला डॉक्टरांकडे जायचं आहे आणि त्यांना विचारायचे प्रश्न लिहून न्यायचे आहेत, म्हणून वही घेऊन बसले. तुमच्या नातीची सक्त ताकीद आहे. ती म्हणते, "आई, तिथे गेलीस की तू नुसती हो-हो करतेस आणि घरी येऊन मलाच विचारतेस, डॉक्टर काय म्हणाले गं." खोटं नाही ते. प्रश्न विचारायला लाजू नये आणि एका प्रश्नात एकच गोष्ट विचारावी, हे तुम्ही अख्ख्या वर्गाला शिकवलंत, फक्त घरच्या पोरीला काही लागू पडलं नाही. दोन प्रश्न लिहून झाले आणि पुढे पान तुमच्याच नावाने भरायला लागलं. तुम्हाला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली, आणि मला झालेला आजार तुमचाच आहे असं मला आता पक्कं वाटतं.

झोपेत श्वास अडतो म्हणे. माणूस घोरतो, मध्येच श्वास थांबतो, जीव घाबरा होऊन शरीर अर्धवट जागं होतं, परत घोरणं सुरू, आणि रात्रभर हेच चालतं. सकाळी उठतो तो दमलेलाच. आपल्या घरात मात्र शास्त्र उलटं होतं. तुम्ही घोरायला लागलात की आईच्या चेहऱ्यावर समाधान यायचं. "लागली बाई झोप. कुणी उठवू नका गं त्यांना." तुमचा आवाज मध्येच थांबायचा तेव्हा आम्ही दोघी बहिणी एक, दोन, तीन मोजायचो आणि आवाज परत आला की तोंडावर पांघरूण घेऊन हसायचो. एकदा धाकटी सत्तावीसपर्यंत पोचली होती. त्या सत्तावीस आकड्यांत तुमचं काय होत होतं ते आता मला कळतं, आणि हसू येत नाही. शेवटी तुम्ही गेलातही झोपेतच. सगळं गाव म्हणालं, पुण्यवान माणूस, झोपेत मरण आलं. आम्हीही तेच म्हणत राहिलो.

मी घोरते हे तर मी कितीतरी वर्षं लपवलं. पुरुष घोरला तर दमलाय, बाई घोरली तर शोभा. लग्नाकार्याला कुठे मुक्काम पडला की मी भिंतीला टेकून बसून रात्र काढायची, आणि नातेवाईक म्हणायचे, हिला नवीन जागी झोप येत नाही. दिवसा डोळे मिटायला लागले की आपणच आळशी, वय झालं, वजन वाढलं, असं म्हणायचं आणि चहा टाकायचा. तसं अजून वीस वर्षं चाललं असतं. पण गेल्या महिन्यात लेक बाळाला घेऊन इथे खालापूरला राहायला आली. चार महिन्यांची पोर, तुमची पणती. भर दुपारी, अंघोळ घालून, धुरी देऊन मी तिला मांडीवर घेतलं होतं. तिचा डोळा लागायच्या आत माझा लागला. पोर मांडीवरून घसरून गादीवर पालथी पडली, तिच्या रडण्याने लेक धावत आली, आणि मला जाग आली ती लेकीच्या हाकेने. लागलं काही नाही, गादीच होती. लेक एका शब्दाने मला बोलली नाही. पण त्या दिवसापासून मी हात पुढे केले की म्हणते, "तू दमलीस आई, राहू दे, मी घेते तिला." गावातली वीस पोरं अंगणवाडीत रोज माझ्या स्वाधीन असतात, आणि माझी नात मला लांबून बघावी लागते. बोलली असती तर बरं झालं असतं.

तुम्हालाही कोणी बोललं असतं तर बरं वाटलं असतं का? मला कर्जतजवळच्या, कोंडाण्याकडच्या शाळेतला तो दिवस आठवतो. मी तिसरीत, तुमच्याच वर्गात. जेवणाच्या सुट्टीनंतर तुम्ही खुर्चीत बसलात आणि खडू हातात तसाच ठेवून झोपलात. आम्हाला सवयीचं होतं ते, आम्ही पाढे लिहीत होतो. तेवढ्यात तपासणीचे साहेब दारात उभे. त्यांनी तुम्हाला उठवलं नाही. पहिल्या रांगेतल्या मुलीला विचारलं, "काय गं, गुरुजी रोज झोपतात का?" ती मुलगी मी होते. मी उभी राहिले आणि खणखणीत आवाजात "हो साहेब" म्हणाले. घरी जाताना मी मान खाली घालून चालत होते. तुम्ही म्हणालात, "खरं सांगितलंस ना? मग मान वर कर." साहेबांनी तुमच्यावर कामचुकारपणाचा शेरा मारला हे मला पुष्कळ वर्षांनी आईने सांगितलं. त्यानंतर मी तुम्हाला वर्गात बसलेलं पाहिलं नाही. वह्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्याने तपासायचात, डोळा लागू नये म्हणून दाढेत लवंग धरून. परवा कर्जतच्या बाजारात तुमचा एक विद्यार्थी भेटला, डोक्याचे केस पिकलेला. म्हणाला, "तुमी गुरुजींची लेक ना? आमचं गुरुजी कदी खुर्चीला टेकलं नाय बघा. असा मास्तर आता हाय का कुठं?" मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

तर प्रश्न. डॉक्टरांनी एक मशीन दिलं आहे. उशाशी ठेवायचं, त्याची नळी नाकावरच्या मास्कला जोडायची, मग हवेच्या दाबाने घसा मिटत नाही. हे जन्मभर लावायचं का, ते विचारायचं आहे. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा काय करायचं? तोंड कोरडं पडतं त्याला काय उपाय? वजन उतरलं तर फरक पडेल का, आणि किती उतरवायचं ते नीट सांगा, नुसतं "कमी करा" नको. दुपारी आडवं झालं तरी लावायचं का? माझ्या लेकीला हे होऊ शकतं का, बाळाला? सगळ्यात खाली लिहिलंय, नातीला मांडीवर कधी घेता येईल. ते आधी सगळ्यात वर लिहिलं होतं, मग हसतील म्हणून खोडलं. आता पुन्हा वर नेते.

हे पान मात्र वहीतून काढून ठेवायला हवं, चुकून डॉक्टरांच्या हाती जायचं. कारण यात एक गोष्ट कबूल करायची आहे. मशीन घरी येऊन बारा दिवस झाले आणि मी ते चारच रात्री लावलं. लेकीला सांगितलं, मास्क बोचतो. बोचतो थोडा, पण ते कारण नाही. पाचव्या दिवशी सकाळी उठले तर डोकं हलकं, डोळे स्वच्छ. दिवसभरात एक डुलकी नाही. किती वर्षांनी असं वाटलं ते आठवेना, बहुतेक लग्नाच्या आधी कधीतरी. आनंद व्हायला हवा होता, आणि मला आधी राग आला आणि मग रडू. अशी एकही सकाळ तुम्हाला मिळाली नाही, अण्णा. तुम्ही आजारी होतात आणि मी साहेबांना हो म्हणाले. मग मला ते ताजेपण सोसेना, मशीन पिशवीत गेलं ते अजून तिथेच आहे. वेडेपणा आहे, कळतं मला. किती तास लावलं ते म्हणे मशीनमध्येच नोंदलेलं असतं, म्हणजे परवा पितळ उघडं पडणारच. त्याआधी लेकीला मीच सांगते. आणि आजपासून रोज लावते. तुमच्यासाठी थांबून तुम्हाला काही मिळणार नाही, आणि ती पोर आता मांडीवर मावेल तेवढीच थोडे दिवस राहणार आहे.