घंटीचं बटण

उस्ताद, पत्र लिहायला फार उशीर केला, माफ करा. तुमच्या तेरवीला आलो होतो तेव्हाच एक गोष्ट तुमच्या फोटोसमोर सांगून टाकायची होती, पण माणसं बसली होती आणि माझा धीर झाला नाही. पुढं वर्षं गेली. आता धीर झाला आहे, कारण परवा माझ्या हातून तुम्हाला सांगण्यासारखं एक काम झालं. मी आठवी नापास माणूस, लिहिण्यात चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आधी काम सांगतो, मग ती गोष्ट.

आमच्या घरी मायक्रोवेव्ह आहे. तुमच्या वेळी आर्वीत असलं काही नव्हतं. लहान टीव्हीएवढी पेटी असते, आत काचेची थाळी फिरते आणि जाळाशिवाय दूध उकळतं. माझी बायको तुम्हाला आठवत असेल. तिचा चहा फार गोड होतो म्हणून तुम्ही कुरकुर करायचे आणि दोन कप प्यायचे. काचबिंदूनं तिची नजर गेली, तीन वर्षं झाली. एकदा गॅसवर पदर पेटता पेटता वाचला, तेव्हापासून नागपूरच्या मुलानं तिला शेगडीजवळ जायला मनाई केली. उरली ती ही पेटी. पेटीवर वीसेक बटणं आहेत, पण ती एकच वापरते. ते दाबलं की अर्धं मिनिट पेटी चालते; चार वेळा दाबलं की चहा. बोटाला सापडावं म्हणून तिनं त्यावर टिकली चिकटवून ठेवली होती. दिवसातून दोनदा स्वतःच्या हातचा चहा करायचा आणि मला द्यायचा, एवढंच आता तिच्या ताब्यात राहिलेलं राज्य आहे.

एका सकाळी मी अंगणात होतो. आतून नुसत्या बांगड्यांचा आवाज येतो आहे, पेटीचा नाही. जाऊन पाहतो तर ती बटण दाबते आहे, पुन्हा दाबते आहे, अंगठ्यानं, नखानं. दूध तसंच थंड. मला पाहून, म्हणजे माझी चाहूल लागून, ती हळूच म्हणाली, "डोये तं गेलेच, आता बोटही गेलं का माहं?" मी दाबून पाहिलं. बोट नव्हतं गेलं, बटण गेलं होतं. तीन वर्षं एकाच जागी दाबून आतला पडदा झिजला होता. हे सांगितल्यावर तिला किती बरं वाटलं, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

वर्ध्याहून मेकॅनिक बोलावला. तो म्हणाला, या मॉडेलची बटणपट्टी आता येत नाही, नवीन घेऊन टाका. मुलगा फोनवर म्हणाला, रविवारी येताना नवीनच आणतो, सगळी काचेची, नुसतं बोट टेकवायचं. तसली त्याच्या घरी आहे. तिथं बायकोनं एकदा हात फिरवून पाहिला होता आणि पुसलेल्या पाटीसारखं लागते, म्हणून हात मागं घेतला होता.  फोन ठेवल्यावर दूध तिनं तसंच फ्रिजमध्ये ठेवलं.

मग मी तुमचा करंट मोजायचा मीटर काढला. काट्याचा, मी तुमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान सोडलं त्या दिवशी तुम्ही दिलेला. सेल नवे टाकले, काटा हलला. पण मला भीती किती वाटली म्हणून सांगू. टीव्हीसारखाच या पेटीच्या पोटातही तो डबा असतो, वायर काढली तरी करंट धरून बसणारा. मी प्लग काढला आणि कोणी चुकून लावू नये म्हणून सुतळीनं खाटेच्या पायाला बांधला. बायकोनं चाचपून पाहिलं आणि विचारलं, "बैल बांधला का खुंट्याले?" दोन दिवस पेटी तशीच ठेवली. मधून मधून उठून गाठ पाहत होतो.

तुमचं दुकान आठवत होतं. एसटी डेपोसमोरची ती अरुंद खोली, तारा झाळताना उठणारा रोजिनचा धूर, फळीवर उघडे पडलेले रेडिओ. मी तेव्हा लग्न झालेला बाप्या, पण प्लग काढला की नाही हे तीन-तीनदा पाहायचो आणि गिऱ्हाइकं हसायची. एकदा हसणाऱ्यांना तुम्ही गप्प केलं. "हासू नका. या धंद्यात भेते तोच म्हातारा होते," असं तुम्ही म्हणाले. मला तो टोमणाच वाटला. पण डावा हात पाठीमागं कमरेत खोचून ठेवायची सवय तुम्ही लावली ती लागली. दोन हात लागले तर करंट छातीतून जातो, म्हणून एकच हात आत.

तर तिसऱ्या दिवशी डावा हात कमरेत खोचला आणि पत्रा उतरवला. कागदावर पेटीचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू आपल्या जागी टोचून ठेवला, तुमच्यासारखाच. तो डबा तुम्ही शिकवला तसा रिकामा केला, मीटर लावून पाहिला, पुन्हा पाहिला. बटणांचा बोर्ड सोडवून पाटावर आणला तेव्हाच डावा हात मोकळा केला. बटणपट्टीमागून रिबिनीसारखी एक पट्टी येते, तिच्यावर बारीक रेघा असतात. बायकोला म्हटलं, तू टिकलीवर दाब, मी काटा पाहतो. रेघा बदलत गेलो, ती दाबत गेली. फार वेळानं काटा थोडा थरथरला. त्या दोन रेघा सापडल्या. बाजारातून दारावरच्या घंटीचं बटण आणलं, गोल, चांगलं बोटभर उंच, आणि त्या दोन रेघांच्या जागी दोन तारा झाळल्या.  पहिला टाका लोंबला, तो काढून पुन्हा घातला. दुसरा तुम्ही पाहायला हवा होता. चकचकीत, तांदळाच्या दाण्याएवढा.

कपभर पाणी ठेवून सुतळी सोडली. मी दाबणार तर ती म्हणाली, "सरका, मी दाबतो." दाबलं. दिवा लागला, थाळी फिरली. तिनं पेटीवर तळहात ठेवून थाळीची घरघर ऐकली आणि मग जुन्या बटणावरची टिकली नखानं काढून नव्या बटणावर लावली. एवढ्या मोठ्या बटणाला टिकलीची काही गरज नव्हती.

रविवारी मुलगा खोकं घेऊन आला. तो बसला आणि तिनं चार वेळा बटण दाबून चहा केला, त्याच्या हातात दिला आणि सांगितलं, "ते खोकं खोलू नको. तसंच वापस नेजो." तो उठून घंटीच्या बटणाकडं बराच वेळ पाहत राहिला. घराला कुलूप लागलं की नाही ते पाहायला एसटी स्टँडवरून परत येणारा बाप त्यानं जन्मभर पाहिला आहे. त्यानं एवढंच विचारलं, "बाबा, हे तुम्ही केलं?" मी हो म्हटलं. उस्ताद, इतकं सरळ हो मी आयुष्यात कधी म्हटलं नसेल.

आता ती गोष्ट. दुकान सोडताना मी सांगितलं की बाबांनी शेतावर बोलावलं आहे. बाबांनी बोलावलं नव्हतं. टीव्ही दुरुस्तीला यायला लागले होते, आणि बंद केलेल्या टीव्हीतूनही ठिणगी कशी निघते हे तुम्ही दाखवलं, त्या दिवशीच माझा जीव उडाला होता. मी भिऊन पळालो. आणि तुम्ही मला मीटर दिला. शेतात काय मोजशील, असंही विचारलं नाही.

तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का, एवढं सांगा. आणि घंटीचं बटण अडकून बसणार तर नाही ना, मी ते पन्नास वेळा दाबून पाहिलं आहे, तरी चुटपुट लागली आहे. हे पत्र मीटरच्या डब्यात ठेवतो, दुसरा तुमचा पत्ता माझ्याजवळ नाही. पण लवकर कळवा. भिता भिता मीही म्हातारा झालो आहे.