मुळापर्यंत

३ जानेवारी
आलो एकदाचे. गाड्या बंद होऊन जमाना झालेलं हे स्टेशन आता वारसा म्हणून जपायचं, आणि काम माझ्याकडे. तिकीट-खिडकी, घड्याळ, लाकडी बाक, सगळं जागच्या जागी. राहायला स्टेशनमास्तरची खोली. चिंगीने फलाटावर धावून धावून उच्छाद मांडला. तिला दाराच्या चौकटीशी उभी करून डोक्यावर पेन्सिलीने रेघ मारली, ‘चिंगी, ७ वर्षं’. भिंती रंगवू नका म्हणून लोकांना दटावणारे हेच ना, असा टोमणा बायकोने मारलाच.

५ जानेवारी
चौकटीवर रंगाचे सात थर आहेत. रंगारी म्हातारा, कानाने अधू, पण कामाला वाघ. त्याच्यासाठी खडूने वरच्या पट्टीवर लिहिलं, ‘मुळापर्यंत खरवडणे’. माझा ‘ळ’ म्हणजे ‘ल’च. त्याने ‘मुलापर्यंत’ वाचलं आणि आम्ही पोट धरून हसलो. पांढरा थर मीच हौसेने काढला. खालच्या हिरव्यावर, चार बोटं खाली, दुसरी रेघ निघाली. ‘चिंगी, ६ वर्षं’. अक्षर थेट माझ्यासारखं. इथल्या जुन्या मास्तरलाही एक चिंगी असेल म्हणून सोडून दिलं.

८ जानेवारी
हिरवा गेला, ‘५’. पिवळा गेला, ‘४’. चिंगीचा फ्रॉक पायात येतोय. परवा घडाघडा वाचलेली फलाटावरची पाटी आज तिला वाचता येईना. हिरवा काढतानाच मला संशय आला होता, खोटं कशाला लिहू. तरी खालचा रंग बघायची हाव सुटेना.

९ जानेवारी
तिला पुन्हा चौकटीशी उभी केली. डोकं बरोबर ‘४’वर. काम बंद, असं रंगाऱ्याला ओरडून सांगितलं. त्याने मान डोलावली.

१० जानेवारी
शहरात डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, चार वर्षांच्या मानाने वाढ छान आहे. परतताना बसमध्ये तिची चप्पल गळून पडली. मग बोलणं गेलं. स्टेशनात पोचलो तेव्हा ती बायकोच्या कडेवर, नुसती हुंकार देत —
रंगारी चौकटीपाशी बसलेला. त्याने खडूच्या ओळीकडे बोट दाखवलं. लेखी होतं, म्हणाला. ती ओळ पुसायची माझ्याकडून राहिली. मीच —
त्याच्या हातातली पटाशी हिसकावली. एकच थर उरलाय, निळा. ‘चिंगी, १’.

त्यावर रंग लावतोय. धरत नाही, ओघळतो —

निळ्याला पोपडे सुटताहेत. हात लावलेला नाही —

खाली नुसतं लाकूड. बायको आतून विचारतेय, हे दुपटं कुणाचं —

लिहून ठेवतो, म्हणजे राहील. आम्हाला एक मुलगी. तिचं नाव