वडिलांच्या दगडाचे टोक

७ मे १९६१, रविवार
अठ्ठावीस तारखेला आमच्या चर्चच्या दफनभूमीत कबरी सजवण्याचा वार्षिक रविवार. त्या दिवशी माझ्या वडिलांच्या कबरीवर सरकारी संगमरवरी दगड उभा राहील. शंभर वर्षांपूर्वीच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धातील सैनिकांना सरकार तो विनामूल्य देते. दक्षिणेच्या सैनिकाच्या दगडाला वर टोक असते, उत्तरेच्याचा माथा गोल. उत्तरेच्या माणसाला वर बसता येऊ नये म्हणून आमच्या दगडाला टोक, असे मी आमच्या गावच्या ऑर्व्हिल प्रुइटला चाळीस वर्षे ऐकवत आलो आहे. त्याच्या आजोबांचा दगड गोल आहे. माझे वडील दक्षिणेकडून लढले. त्यात शंका नाही.
अर्ज शाळेच्या शिक्षिका मिस हॉज यांनी भरला. मी चौथीपर्यंतच शिकलो, तरी अक्षर माझेच वळणदार. परंतु त्यांच्याकडे टाइपरायटर आहे.

९ मे
समारंभात भाषण करणार. त्यासाठी मिस हॉज यांच्याकडून अमेरिकेच्या इतिहासाचे जाड पुस्तक आणले. रोज वीस पाने वाचावयाची.

११ मे
पुस्तकात लिहिले आहे की पूर्व टेनेसीच्या या डोंगरांतून हजारो तरुण उत्तरेच्या फौजेत गेले. लेखक आमच्या भागातला नसावा. पुस्तक मिटले. छातीत धडधडते. कॉफी कमी करावी.

१३ मे
वडिलांची पेटी उघडली. तळाशी गरुडाचे पितळी बटण, उत्तरेच्या निळ्या कोटाचे. वडिलांनी मारलेल्या शत्रूचे असणार. आई ते का लपवीत असे, हे विचारावयाचे राहून गेले. पेटी बंद करून वर पिठाचे पोते ठेवले.

१६ मे, सकाळी १०
राजधानीहून लिफाफा आला. चष्मा सापडेना, म्हणून उघडला नाही.
दुपारी २. चष्मा सापडला. आता उजेड अपुरा वाटतो. लिफाफा बायबलमध्ये ठेवला.

२० मे
मिस हॉज वाटेत भेटल्या. "टॅकेटकाका, पत्र वाचलंत का?" टपालखाते पूर्वीसारखे राहिले नाही, असे मी उत्तर दिले. त्या म्हणाल्या, "पोस्टमास्तर तर म्हणाला, तुम्ही स्वतः घेऊन गेलात." हात खिशात घालून मी चालू लागलो.
कबरी सजवण्याच्या रविवारी दफनभूमीत जेवणाची दोन टेबले मांडतात, एक दक्षिणेच्या घराण्यांचे, एक उत्तरेच्या. दगड गोल निघाला तर मी कोठे बसावे? हा विचार उगाच आला.

२४ मे
दगडाचा लाकडी पेटारा घरी आला. फळ्यांच्या फटीतून बोट घालून चाचपले. टोक लागले नाही. ती बाजू पायथ्याची असावी.

२५ मे
दुसऱ्या बाजूने चाचपले. तिकडे सपाट आहे. पायथा तो होता. जेवण गेले नाही.

२६ मे
संगमरवर मऊ असतो. कानशीने टोक घडवता येईल. वरच्या फळ्या काढून दोन तास घासले. कानस झिजली.

२८ मे, रविवार
तब्येतीमुळे घरीच राहण्याचे ठरविले होते. सकाळीच ऑर्व्हिल दोन मुलांसह ट्रक घेऊन दारात. सरकारची चूक झाली आहे, असे मी त्यास बजावले.
तो म्हणाला, "एल्बर्ट, तुझा बाप आणि माझा आजा एकाच घोड्यावरून केंटकीला पळाले, उत्तरेत भरती व्हायला. गावात ठाऊक नसलेला तू एकटाच."
मग इतकी वर्षे बोलला का नाहीस, असे विचारले.
"तुझ्या आईनं शपथ घातली होती. तुम्ही दक्षिणवाल्यांच्या शेतावर राबत होतात, काम गेलं असतं. पुढं राहूनच गेलं. आणि तुझी ती टोकाची गोष्ट तू इतकी रंगवून सांगायचास, की मोडवेना." मग म्हणाला, "चल, माझी बायको तुझं पान वाढून बसलीय."
दगड त्यांनीच उभा केला. ऑर्व्हिलने कानशीच्या चऱ्यांवरून बोट फिरवले. तो कारखान्याचा दोष असावा.
भाषण केले नाही. घसा बसला होता. गोल दगडवाल्यांच्या टेबलावर जेवलो. पीचची गोड पेस्ट्री दोनदा घेतली.
निघताना वडिलांच्या दगडावर एक लाल पाखरू बसले होते. टोक असते तर त्याला बसता आले नसते.